भिंतीत राहिलेली वायर

त्या वर्षी आमच्या घरात सगळेच अर्धवट झोपेत असत. आई भाकरी थापता थापता पेंगायची, मी दात घासताना पेंगायचे, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, ते तर गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना डोळे मिटून घ्यायचे आणि बोटं तेवढी चालू ठेवायचे. अंबडच्या कोर्टासमोर आमचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखताचे मसुदे आणि लगीनसराईत पत्रिका. एकदा आप्पांनी असंच पेंगत एका माणसाच्या प्रतिज्ञापत्रात त्याच्या बापाच्या जागी आमच्या आजोबांचं नाव टाईप केलं. त्या भल्या माणसाने न वाचताच सही केली. दुपारी वकिलाने हाकलून दिल्यावर तो परत आला आणि हसत म्हणाला, "चला, आता तुमच्या वाटणीत आमाला बी हिस्सा द्या." आप्पा हसले नाहीत. वाटणी हा शब्द त्या दिवसांत आमच्याकडे कुणी हसण्यावारी नेत नव्हतं.

या सगळ्या पेंगण्याचं मूळ काय, तर दुकानातला एक संगणक सकाळी उठायला वेळ लावायचा. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. माझी लेक फोन उघडायला क्षणभर उशीर झाला तरी तो आपटायला निघते. पण मशीन सुरू व्हायची वाट बघण्यात माणसाचं घर कसं झिजतं, ते मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहून ठेवते.

आधी दुकान एकच होतं आणि त्यात दोघे भाऊ बसत. आप्पा थोरले, टाईपरायटरवर हात बसलेले. सुधाकरकाका त्यांच्याहून बराच लहान. काकाने संभाजीनगरला, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो, जाऊन कसलासा कोर्स केला आणि येताना दोन जुने संगणक एसटीच्या टपावर बांधून आणले. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांच्या पेन ड्राईव्हमधून इतके व्हायरस आले की काकाने वैतागून आधीचं सगळं पुसलं आणि दोन्ही मशीनवर व्हायरस सहसा न लागणारी लिनक्स ही प्रणाली घातली. सुरू होताना पडद्यावर कोपऱ्यात एक पेंग्विन दिसायचा आणि त्याच्या खाली इंग्रजी ओळी सरसर पळायच्या. आईने त्या पेंग्विनला शेवटपर्यंत बदकच म्हटलं. दोन मशीनच्या मधून काकाने एक निळी वायर टाकली होती. त्या वायरीमुळे एकाने टाईप केलेला मसुदा दुसऱ्याला आपल्या जागेवरून उघडता यायचा. आप्पांना ती जादू कधी कळली नाही आणि कळून घ्यायची गरजही पडली नाही. काही अडलं की ते नुसतं म्हणायचे, "सुध्या, बघ रे," आणि काका खुर्ची सरकवून यायचा.

मग भांडण झालं. कशावरून, हे आईला विचारलं तर ती काकूचं नाव घ्यायची, आणि काकूला विचारलं असतं तर तिने आईचं घेतलं असतं. मला वाटतं, दोघे भाऊ एकमेकांना कंटाळले होते आणि ते तोंडाने म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून भांडण करावं लागलं. गावाकडून आप्पांचे थोरले मामा वाटणी करायला आले. खुर्च्या वाटल्या, पंखे वाटले, कागदाची रिमं वाटली. कात्री एकच होती, ती काकाला गेली आणि तिच्या बदल्यात आप्पांना पंचिंग मशीन आलं. मधोमध विटांची भिंत उठली आणि मोठ्या शटरच्या जागी दोन लहान शटर आली. भिंत बांधताना गवंडी त्या निळ्या वायरीपाशी थांबला. "मालक, हिचं काय करू?" त्याने विचारलं. आप्पांनी पाठ फिरवली आणि म्हणाले, "ज्याची हाये त्यानं बघावं." काका आपली रिमं रचत राहिला. दोघांपैकी कुणीच ती आपली म्हणेना, मग गवंड्याने वायरीभोवती भोक ठेवून वरून गिलावा केला. मी तेव्हा तिथेच उभी होते. मलाही त्यात विशेष काही वाटलं नाही.

भिंत उठली आणि आप्पांचं मशीन बिघडलं. म्हणजे चालायचं सगळं, पण सकाळी उठायचं नाही. बदक यायचं, ओळी पळायच्या आणि मधेच एका ओळीवर सगळं थांबायचं. आप्पा तोवर अगरबत्ती लावायचे, झाडून घ्यायचे, पायरीवर पाणी मारायचे, चहा पिऊन यायचे, तरी पडदा तसाच. कधी कंटाळत कंटाळत पुढे सरकायचं, तर आतले मसुदेच गायब असायचे. मग आप्पा ते बंद करून पुन्हा चालू करायचे, आणि दुसऱ्या वेळी मात्र ते झटकन उठायचं आणि मसुदेही जागच्या जागी. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की या मशीनला दोनदा उठवल्याशिवाय जाग येत नाही. "हिच्यावानी हाये," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे. इतक्यात खेड्यांवरून पहिल्या एसटीने आलेली माणसं दारात उभी राहायची, आमचा काळा पडदा बघायची आणि मुकाट शेजारच्या शटरकडे वळायची. भिंतीपलीकडून काकाच्या प्रिंटरचा आवाज यायचा. आप्पा तो आवाज ऐकायचे आणि कान खाजवायचे.

यावर आप्पांनी शोधलेला उपाय असा, की दुकान लवकर उघडायचं. मशीनला हवा तेवढा वेळ घेऊ दे, गिऱ्हाईक यायच्या आत ते उठलं म्हणजे झालं. पण आठवड्याभरात काकाही लवकर यायला लागला. आप्पांना हे कळल्यावर ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. "बघितलं? माझं बघून जल्दी उघडून राह्यला. माझी गिऱ्हाइकं तोडायला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आप्पा आणखी लवकर निघाले. काही दिवसांनी काकाही आणखी लवकर. दोघांनी कोर्टाच्या गल्लीतली सकाळ अशी मागे मागे ढकलत नेली, की शेवटी चहावाल्याचा स्टोव्हसुद्धा पेटलेला नसायचा आणि दोन सख्खे भाऊ आपापली शटरं वर करून अंधुक उजेडात बसलेले असायचे. कोर्टाला कुलूप, तहसीलला कुलूप. गिऱ्हाईक तरी कुठून येणार?

घरी त्यामुळे आई कोंबड्याच्याही आधी उठायची. अजान व्हायच्या आधी आमच्याकडे तव्याचा आवाज सुरू व्हायचा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि रात्रीची येसर आमटी उरली असेल तर ती डब्यात. भाकरी थापायची ताकद नसेल त्या दिवशी मुरमुरे भिजवून सुशीला. पुढे पुढे रोजच सुशीला व्हायला लागली. नळाला पाणी यायच्या दिवशी तर आईला पाठ टेकायलाच मिळायची नाही. ती कुणावर चिडायची नाही, नुसती एकेक काम हातावेगळं करत राहायची, आणि मला तिच्या त्या न चिडण्याचीच भीती वाटायची. मी बारावीला होते. आप्पांना सोबत म्हणून मी सकाळी दुकानात बसायचे आणि तिथूनच कॉलेजला जायचे. वर्गात बाई काय शिकवायच्या ते एखाद्या विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं.

मशीनवर उपचार चालूच होते. कुणी म्हणालं धूळ साचली, म्हणून आप्पांनी आईच्या साडीच्या पदराने ते पुन्हा पुन्हा पुसून घेतलं. कुणी म्हणालं वीज कमी येते, म्हणून स्टॅबिलायझर आणला. मामांनी गावाहून निरोप पाठवला की शेजाऱ्याने काहीतरी केलंय, लिंबू-मिरची बांधा. आप्पांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण लिंबू-मिरची बांधली. जालन्याहून एक मेकॅनिक आला, झाकण उघडून त्याने आत आणखी मेमरी बसवली. त्या दिवशी दुपारी मशीन झटकन उठलं आणि आप्पांनी मेकॅनिकला आग्रह करून जेवू घातलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मेकॅनिक फोनवर म्हणाला की आता फॉरमॅटच मारावं लागेल, आतलं सगळं जाईल. सगळं म्हणजे आप्पांचे मसुदे. इतक्या वर्षांत बसवलेला एकेक शब्द, कुठल्या तालुक्याला कुठली भाषा चालते, कुठल्या साहेबाला कुठला मायना लागतो, हे सगळं त्यात होतं.

त्या संध्याकाळी आप्पा आईला म्हणाले, "येत्या रविवारी फॉरमॅट मारतो. त्यानं बी न्हाई उठलं, तर कुलूप. गावाकडं जाऊ. बटईनं दिलेली जमीन आपणच करू."

आई म्हणाली, "आन् हिचं कॉलेज?"

आप्पांचा हात ताटातच राहिला होता. ते बसल्या जागी झोपले होते. मी त्यांचं ताट उचललं. गावाकडे जायचं म्हणजे माझं शिक्षण तिथेच थांबणार, हे मला न सांगता कळलं होतं आणि फार रडावंसंही वाटलं नाही. थकलेल्या माणसाला रडण्याचाही कंटाळा येतो.

रविवारच्या तीन-चार दिवस आधीची गोष्ट. सकाळी शटर उघडल्यावर आप्पांच्या लक्षात आलं की कोर्टाचे स्टॅम्प घरीच राहिले. मशीन चालू करून ते माघारी गेले आणि मी एकटी त्याच्या समोर बसले. एरवी या वेळी आम्ही दोघेही झाडण्यात, पाणी मारण्यात गुंतलेले असायचो. उठत नाही म्हणून जे मशीन आम्ही साऱ्या अंबडला दाखवलं, त्याच्या समोर ते उठत असताना बसून राहावं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बदक आलं. ओळी पळाल्या. एका ओळीवर सगळं थांबलं. मी ती ओळ वाचली.

तिच्यात सुधाकर असं नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, पण स्पष्ट. सुधाकरकडून उत्तर नाही, पुन्हा विचारतो आहे, असा त्या ओळीचा अर्थ होता. खाली पुन्हा तीच ओळ उमटली. पुन्हा विचारतो आहे. काकाने दोन्ही मशीनना नावं दिली होती हे मला आठवलं. स्वतःच्या मशीनला स्वतःचं, आणि आप्पांच्या मशीनला, तो आप्पांना म्हणायचा तेच, दादा. मी बघत असतानाच शेजारचं शटर वर गेल्याचा आवाज आला. चपला काढल्याचा, खुर्ची ओढल्याचा. मग भिंतीपलीकडे काकाचं मशीन सुरू होताना टूं करून वाजलं. थोडा वेळ गेला, आणि आमच्या पडद्यावर थांबलेल्या ओळी एकदम पळायला लागल्या.

मी दुसऱ्या सकाळीही मुद्दाम समोर बसून पाहिलं. तेच. मग मागचं एकेक आठवत गेलं. आप्पांना ताप आला आणि मी एकटीने उशिरा दुकान उघडलं, त्या दिवशी मशीन लगेच उठलं होतं. मेकॅनिकने दुपारी सुरू केलं तेव्हाही. दुसऱ्यांदा चालू केल्यावर ते झटकन का उठायचं तेही कळलं, कारण तोवर काका आलेला असायचा. पाणी मुरत होतं ते इथे. आमचं मशीन रोज सकाळी आधी काकाच्या मशीनला हाक मारायचं, आणि काका यायच्या आत आम्ही दुकान उघडतो म्हटल्यावर हाकेला ओ द्यायला पलीकडे कुणी नसायचं. म्हणजे आप्पा जितके लवकर येत होते, तितकं ते उशिरा उठत होतं.

मी आप्पांना खुर्चीवर बसवून हे सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "पर आपलं मशीन त्याच्या मशीनला कामून हाक मारतं?"

"मसुदे तिकडं आहेत, आप्पा."

"कुठं?"

"काकाच्या मशीनमध्ये. काकानं पहिल्यापासून एकाच जागी ठेवलेत. आपल्याला ते इथनं दिसतात, एवढंच. आपण इथं जे टाईप करतो, तेही तिकडंच जातं. ती वायर भिंतीतनं तशीच गेलीय."

आप्पांनी भिंतीकडे पाहिलं. गिलाव्यातून ती निळी वायर बोटभर बाहेर येऊन आमच्या टेबलाखाली गेलेली होती. इतके महिने तिच्यावर पाय ठेवून आम्ही बसत होतो.

"म्हंजी वाटणी झाल्यापून मी त्याच्याच ताटात जेवून राह्यलो," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. कात्रीसुद्धा मोजून दिली-घेतली होती आम्ही. मी घाईने म्हणाले की मशीनला ती हाक मारायला सांगणारी एक ओळ काढून टाकता येते, मसुदे इकडे घेता येतात, मग हाक मारायचा प्रश्नच नाही, मशीन एकदम उठेल, रविवारी फॉरमॅट नको, कुलूप नको. ते उठले होते. चप्पल न घालताच ते बाहेर पडले आणि भिंत उठल्यापासून पहिल्यांदा शेजारच्या पायरीवर चढले. मी मागोमाग गेले.

काका टेबलावर डोकं टेकून बसला होता. आप्पांना बघून तो धडपडत उभा राहिला. त्याचे डोळे आमच्याइतकेच लाल होते. समोर डबा होता, त्यात सुशीला. काकूही आमच्या आईसारखीच भाकरीला थकली होती.

"माझे कागद तुझ्या पेटीत हायेत म्हणं," आप्पा म्हणाले.

"हायेत."

"तुला म्हाईत व्हतं?"

"म्हाईत असणारच, दादा. मीच तर ठिवले. तुझं मशीन रोज सकाळी माझ्याकडं येऊन गेल्तं का न्हाई, ते बी मला हिथं दिसतं."

"मंग बोलला कामून न्हाईस? वायर तोडायची व्हती."

काकाने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "बोललो असतो तर तूच तोडली असतीस."

ते खरं होतं. काका खाली बसला. "तुझं मशीन अडकून बसतं, गिऱ्हाईक माझ्याकडं येतं, मला बी बराबर वाटंना," तो म्हणाला. "म्हणून मी जरा लवकर येऊन चालू करून ठिवायला लागलो. म्हणलं तू येशील तवा तुझं लगेच उठंल. तर तू त्याच्या आदी. मी अजून लवकर आलो, तू त्याच्या बी आदी. आता काय चांदण्यात उघडायचं का दुकान? मी लई थकलो रे, दादा."

मी दारात उभी होते. मला हसू आलं. गिऱ्हाइकं तोडायला म्हणून ज्या पावलांचा आम्ही इतके दिवस राग राग केला, ती आमचंच मशीन उठवायला येत होती.  आप्पांनी काकासमोरची गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली आणि गिऱ्हाईक बसतं तसे अवघडून बसले.

"उद्या कवा उघडायलास?" त्यांनी विचारलं.

"तू सांग."

"कोर्टाच्या टायमाला. पहिल्यावानी."

"मंग मी त्याच्या जरा आदी येतो," काका म्हणाला. "माझं आदी चालू लागतं ना."

दोघांनी एवढंच बोलून घेतलं. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. भिंतही पुढे कधी पडली नाही. आप्पा गेले, दुकान विकलं, आता तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात आणि मधली भिंत अजून तशीच आहे. पण त्या सकाळी परत आल्यावर मी विचारलं, "आप्पा, ती ओळ काढू का?" तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." आणि थोड्या वेळाने, मी काही विचारलं नसताना, पुन्हा म्हणाले, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी आप्पा उठलेच नाहीत. उजाडलं, ऊन ओसरीवर आलं, नळाचं पाणी येऊन गेलं. आई दोनदा जाऊन त्यांच्या नाकापाशी हात धरून आली. ते तोंड उघडं टाकून, हात पसरून झोपले होते. आईने त्या दिवशी आरामात भाकरी केल्या, वांगं भाजलं आणि मला म्हणाली, "तूच जा आज दुकानात. ह्यांला उठवू नको."

मी गेले तेव्हा कोर्टाची गल्ली भरलेली होती आणि काकाचं शटर वर होतं. मी आमचं उघडलं, मशीनचं बटण दाबलं आणि झाडू हातात घेतला. बदक आलं, ओळी पळाल्या, आणि मी कोपऱ्यापर्यंतही झाडलं नसेल तोवर सगळे मसुदे समोर हजर. पलीकडे काकाच्या बोटांचा आवाज थांबला. मग भिंतीतून, त्या वायरीच्या भोकाजवळून, त्याची हाक आली.

"वैशू, दादा आला न्हाई?"

"झोपलेत अजून, काका," मी म्हणाले. "उठलेच न्हाईत."

पलीकडे खुर्ची भिंतीजवळ सरकल्याचा आवाज आला.  मग काका म्हणाला, "झोपू दे त्याला. मी हाये हिथं."